माळ्यावरचा गळ

नमस्कार मंडळी, माळ्यावर जुना गळ पडलाय आणि हल्ली वाटतंय की जवळच्याच पाण्यावर जावं, दोन मासे धरावेत आणि घरी आणून खावेत, असं ज्यांच्या डोक्यात घोळतंय त्यांच्याशीच आज गप्पा. मासा धरून सोडून देणाऱ्यांचं वेगळं असतं हो, खायचा म्हटला की सगळा हिशोबच बदलतो.

आधी ती जुनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, फेकून द्या. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं आणि दिसायला मात्र ठणठणीत. मी पंधरा वर्षांनी परत गेलो ना, पहिलाच मासा बरा लागला, अगदी काठाशी आला, पांढरं पोट दिसलं आणि टप्पकन तुटली, मासा गेला तो गेला, तोंडात गळ घेऊन गेला, त्याचं जास्त वाईट वाटलं. आणि गाठ थुंकी लावून आवळा, कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच कच्ची राहते.

आता पाणी. हिरवा रंग सांडल्यासारखी साय आलीय, वास मारतोय, वरच्या अंगाला सांडपाणी सुटतंय, तर तिथला मासा नकोच. पण गंमत अशी की स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातल्या माशातही पारा असू शकतो, आणि तो मांसातच बसतो, कातडी काढा, उकळा, तळा, जात नाही. काही विषारी रसायनं चरबीत साठतात, ती चरबी आणि कातडी काढली की बरीच कमी होतात, पाऱ्याचं तसं नाही. मोठा शिकारी मासा जन्मभर लहान मासे खाऊन हे सगळं साठवत आलेला असतो, म्हणून तो धूड लागला तर फोटो काढा आणि सोडा, मादी असेल तर अंडीही तीच जास्त घालते. गरोदर बाई आणि लहान पोरांच्या ताटात तर छोटेच मासे बरे. स्थानिक सूचना, परवाना, बंदीचा काळ, हे आधी विचारून घ्या.

उन्हाळ्यात भर दुपारी बसू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे सुस्तावतात, पहाटेच जा. आणि मासा पिशवीत तडफडत ठेवू नका प्लीज, डोक्यावर एक नीट फटका, कल्ले कापून रक्त काढायचं आणि सरळ बर्फात. बर्फ घरूनच न्यायचा. मागच्या तीन खेपा मी नुसतं बर्फाचं पाणी घेऊन घरी आलोय.