बंदर असून बंद : रत्नागिरी

मंडळी, रत्नागिरी म्हटलं की लोक हापूस म्हणतात, मग गणपतीपुळे, आणि तिथून थेट मासे कुठं चांगले मिळतात यावर गाडी येते. ते सगळं ठीक आहे, पण मला आज वेगळंच सांगायचंय. हे बंदर असलं तरी वर्षातले तीनचार महिने बंद असायचं, आणि या गावाचा निम्मा इतिहास त्या बंद असण्यामुळं घडलाय.

बघा, १८२२ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथं आणलं. तेव्हा रेल्वे नाही, घाट अवघड, त्यामुळं मुंबईला जायचं तर बोट. तीसुद्धा काठाला लागायची नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं असं सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचं. आजी सांगायची की बोटीवर चढताना पायाखालचा पडाव कधी वर, कधी खाली, त्यात लुगडं सांभाळायचं का पोर! आणि एकदा पाऊस लागला की तेवढंही नाही, नारळी पौर्णिमेपर्यंत बोट बंद.

आता कुणाला तरी लोकांच्या नजरेआड ठेवायचंय तर याहून भारी जागा कुठली? ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ मध्ये हरला, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथं आणून ठेवलं. गंमत म्हणजे आपल्या बहादूरशहा जफरला त्याच इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं, म्हणजे अदलाबदलच झाली म्हणा ना. थिबा इथं तीस वर्षं राहिला, पण राजवाडा तयार झाला १९१० मध्ये आणि तो गेला १९१६ मध्ये, म्हणजे नवीन घराचं सुख मोजून सहा वर्षं. आत जाल तेव्हा घाई करू नका. बाहेरून आपला जांभा, आणि त्यावर सागवानी नक्षीकाम आणि अर्धगोल लाकडी खिडक्या. मग थिबा पॉइंटवर जाऊन उभे राहा, खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते. समोर एवढं उघडं पाणी आणि आपल्याला जायची परवानगी नाही, मला तर तिथं दरवेळी कसंतरीच होतं. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू इथंच राहिली, अस्सल मराठी बोलायची. २०१२ मध्ये ब्रह्मदेशचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीवर येऊन गेले.

पुढं सावरकर. अंदमानानंतर १९२४ मध्ये त्यांनाही जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर इथंच ठेवलं, ते १९३७ पर्यंत. पण हा माणूस गप्प बसणारा थोडाच, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उघडलं, सगळ्या जातींना खुलं, त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. टिळकांचा जन्म १८५६ चा, टिळक आळीतल्या घरात, ते बघालच, त्यावर मी वेळ घालवत नाही.

फिरायचं म्हणाल तर रत्नदुर्गावर संध्याकाळी जा, तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, शेजारी दीपगृह. एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र, नावं वाळूच्या रंगावरून पडलीत, पाणी तेच. सकाळी मिरकरवाड्याला जा, मासळीचा लिलाव बघा, पण चांगल्या चपला घालून जाऊ नका, मी एकदा ती चूक केलीये. जून-जुलैत गेलात तर मात्र यांत्रिक नौकांना बंदी असते, सगळ्या होड्या काठावर झाकून ठेवलेल्या.

आता १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण सुरू आहे, त्यामुळं पावसाळा आला म्हणून कुणी अडकत नाही. पूर्वी मात्र मे संपत आला की आंब्याच्या पेट्यांची धावपळ असायची, कारण शेवटची बोट गेली की गेली. उरलेल्या आंब्याचं काय करायचं? आमची आजी साठं, म्हणजे आंबापोळी, करायला परातीत रस पसरायची आणि म्हणायची, बोटीला चुकला तो साठ्यात गेला.