रंगरुटाची पहिली दिवाळी

(शरद व्याख्यानमालेत एका निवृत्त सुभेदारांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या गडहिंग्लज-चंदगड भागात पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, भरतीची पोरं धावताना दिसतील. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, दहा पुलअप काढायचे, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. अकॅडमीवाले त्याचे पैसे घेतात आणि करूनही घेतात. पण भरती झाल्यावर सेंटरमध्ये, म्हणजे पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रात, पहिला सण येतो, त्याची तयारी कुणीच करून घेत नाही. मी तो सण रंगरूट म्हणजे नवा भरती म्हणून काढला आणि पुढं उस्ताद, म्हणजे शिकवणारा, होऊन दुसऱ्यांच्या पोरांचा बघितला. माझं मत पक्कं आहे. रगड्यानं, म्हणजे शिक्षेच्या कसरतीनं, पोरगं खचत नाही, सुट्टीच्या दिवशी खचतं.

कामाच्या दिवसाला घर आठवायला फुरसत कुठं असते? पहाटे चारला उठायचं, दाढी करायची. मिसरूड फुटलं नसलं तरी करायची, उस्ताद गालावरून उलटा हात फिरवून बघतो. बिस्तरा असा लावायचा की चादरीवर सुरकुती नको. मग पीटी, ड्रिल, डब्ल्यूटी म्हणजे हत्याराचा क्लास, दुपारी परत फॉल-इन, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल म्हणजे हजेरी. मच्छरदाणीत शिरेपर्यंत माणूस अर्धा झोपलेला असतो. आई आठवायच्या आधी डोळा लागतो. सणादिवशी ड्रिल नसते. ग्राऊंड रिकामं दिसतं आणि पोराच्या डोक्यात घर उभं राहतं.

मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून बेळगावात आहे हे तुम्हाला मी काय सांगणार, इथल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिथं जाऊन आलंय. पलटणीचं मूळ 1768 चं. पण आपल्या भागातल्या पोराची तिथं एक वेगळीच पंचाईत होते. विदर्भातलं पोरगं म्हणतं, घर लांब आहे, जाता येणारच नाही. विषय संपला. चंदगडच्या पोराला मात्र दिवाळीच्या रात्री बेळगाव शहरातले फटाके ऐकू येतात आणि त्याला माहीत असतं, एसटीत बसलो तर जेवणाच्या आत घरात. जवळ असणं लांब असण्यापेक्षा वाईट.

आणि सण म्हणजे सगळ्यांची दिवाळीच असते असंही नाही. कोकणातल्या पोराला दिवाळीचं फारसं काही वाटत नाही, त्याचा जीव गणपतीत. सेंटरमध्ये गणपती बसतो, आरती जोरात होते, ढोल-ताशा असतो, तरीही ते पोरगं चेहरा पाडून उभं. त्याला त्याच्याच माजघरातला गणपती हवा असतो. घाटावरच्या पोराचं गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, बिनसतं. कर्नाटकातलं पोरगं उगादीला गप्प होतं. चांगला उस्ताद हे कागदावर लिहून ठेवत नाही, पण कुठल्या आठवड्यात कुठल्या पोरावर नजर ठेवायची हे त्याला ठाऊक असतं.

माझ्या पहिल्या दिवाळीचं सांगतो. मोबाईल नव्हता, घरचं म्हणजे आंतर्देशीय पत्र. नरक चतुर्दशीला ड्रिल नव्हती पण उठायची वेळ तीच. बेळगावची थंडी, हौदावर धुकं. सांगलीकडच्या एकाला पार्सलातून उटण्याची पुडी आली होती. एक पुडी आणि सगळी बॅरेक. त्यानं ती जेवणाच्या मगात पाण्यात कालवली आणि प्रत्येकाला दोन-दोन बोटं दिली. खरं तर ते उटणं कमी आणि पाणी जास्त होतं. आम्ही ते झिरो कट डोक्यापासून चोळलं आणि हौदातलं गार पाणी अंगावर घेतलं. कारीट कुठून आणणार? एकानं मेसच्या मागच्या कुंपणावरून कसलंतरी रानटी फळ आणलं आणि टाचेखाली फोडलं. "गोविंदा" म्हणून ओरडलो तर उस्ताद दारात. आम्हाला वाटलं, झालं, आता फ्रंट रोल, म्हणजे शिक्षेच्या कोलांट्या. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज कम है, फिर से."

त्या दिवसाची आखणी मला उस्ताद झाल्यावर कळली. सकाळी मंदिर परेड, मग बॅरेकची सफाई, कपाटाची, ट्रंकेची, बुटांची. मग व्हॉलीबॉल, कबड्डी, रस्सीखेच, कंपनी विरुद्ध कंपनी. दुपारी बडा खाना. बड्या खान्याला अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, आणि काल ज्याच्यासमोर श्वास रोखून उभं होतो तो साहेब आज हातात बादली घेऊन "और लो, शरमाओ मत" म्हणत मटण वाढतो. नवख्या रंगरुटाला घास गिळवत नाही, अशी त्याची गत होते. हा सगळा दिवस मुद्दाम भरलेला असतो. रंगरुटाला वाटतं सणालाही सोडत नाहीत. अरे बाबा, तुला सोडलं असतं तर तू दुपारी तीनला ट्रंकेवर बसून रडला असतास.

फराळाच्या पार्सलाचा कायदा वेगळा. ते उस्तादासमोर उघडायचं आणि सगळ्या बॅरेकनं खायचं. ज्याच्या घरून आलं त्याला लाडू एक आणि ज्याच्या घरून काहीच आलं नाही त्यालाही लाडू एक. मला तेव्हा याचा राग आला होता. आईनं गूळ-तूप जमवून पाठवलेलं, आणि खाल्लं कुणी तर शेजारच्या खाटेवरच्या हिंगोलीच्या पोरानं! त्याच्या घरून कधी पत्रही आलं नव्हतं. आज मला हा कायदा सेंटरमधला सगळ्यात शहाणा कायदा वाटतो.

दसऱ्याचं मात्र न्यारं. तो सण पोरांना घरापेक्षा सेंटरमध्ये जास्त भावतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. आदल्या दिवशी कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, रायफली निघतात. आमच्या वेळी 7.62 ची एसएलआर रायफल होती. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून नळी इतकी ओढायची की चिंधी पांढरी बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याच रायफलीला गंध, फूल, आपट्याचं पान. गावाकडं आपण विळा, नांगर पुजतो, इथं स्वतःच्या नावावरचं हत्यार. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा त्या दिवशी शेवटच्या ओळीतलं बुजरं पोरगंसुद्धा पोटातून देतं. त्या दिवशी घरची आठवण येत नाही असं नाही, पण आपण सणाला आलेले पाहुणे आहोत असं वाटत नाही.

आता पळून जाणाऱ्यांविषयी. जातात, लपवून काय उपयोग? पुढं मी दुसऱ्या एका सेंटरला असताना भाऊबीजेला एक पोरगं रोल कॉलला कमी भरलं. एसटी स्टँडवर सापडलं, तिकिटाचे पैसे मुठीत आणि नुसतं बसलेलं. तीन गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. मी विचारलं, बसला का नाहीस? म्हणालं, बहीण ओवाळेल, पण बाबा दारात काय म्हणतील? त्याला शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण शिक्षेआधी मी त्याला लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, नेऊन जेवायला घातलं, आणि पुढं ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या कसम परेडला त्याचा हात झेंड्यावर बघितला.

आता अग्निवीर आले. त्यांच्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं, म्हणजे सेंटरमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या संक्रांत. नोकरी चार वर्षांची, म्हणजे चारच दिवाळ्या, आणि वार्षिक रजा तीस दिवसांची. आम्हा जुन्या जवानांना साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस कॅज्युअल असायची, तरी आम्ही कुरकुरायचो. चार वर्षांनी चौघांतला एक आत राहणार, ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन पोरगं फराळ खातं. या योजनेवर माझं मत चांगलं नाही, पण आजचा विषय तो नाही.

आयाबायांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. पार्सलात चकली पाठवू नका, भुगा होऊन पोचते. बेसनाचे लाडू पाठवा, शंकरपाळ्या पाठवा, आणि बॅरेकला पुरेल इतक्या पाठवा. आठवड्याला फोन मिळेल तेव्हा "तुझ्याशिवाय दिवाळी गोड लागत नाही रे" हे वाक्य गिळा. पोराच्या मागं फोनसाठी रांग उभी असते, त्याला तिथं रडताही येत नाही. म्हशीनं किती दूध दिलं ते सांगा, आतेभावानं नवी गाडी घेऊन कुठं आपटली ते सांगा. पोराला हसू आलं की फोन ठेवा.

चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेतो. पहिली, घरात काही बरंवाईट झालं तर ट्रेनिंगमध्ये सोडतात का? सोडतात, पण खातरजमा करून. खोट्या तारांनी आमच्या पिढीनंच तो विश्वास घालवलाय, म्हणून कागदपत्रं लागतील, ती सरपंचांकडून लगेच घ्या. दुसरी, पोराच्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय, त्याला सुट्टी मिळेल का? ताई, तारीख छापायच्या आधी कसम परेड कधी आहे ते पोराला विचारा. पत्रिका छापून झाल्या असतील, तर करवल्याची सोय दुसरीकडं बघा.