पत्र्याच्या पेटीतली मंडळी

पाळकसाहेब, वडीलजन, भावांनो आणि बहिणींनो, जय ख्रिस्त. विषय दिलाय 'मंडळीची वाढ', म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांची वाढ. त्याकडे येतोच, पण वाढ मोजायची कशावरून, ते आधी बोलू. चर्चच्या कपाटाखाली पत्र्याची पेटी असते, तिच्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं. मंडळीचा खरा इतिहास त्या पेटीत आहे.

शताब्दी आली की स्मरणिका निघते. आधी शुभेच्छा, मग जाहिराती, मग मिशनऱ्यांचे फोटो, शेवटी पाळकांची यादी. झाला इतिहास! उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर शाळा चालवणारे मास्तर, घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल बाया यांना त्यात एक ओळही नाही. हे मनाला लागतं.

जालन्याचं उदाहरण घ्या. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पाळक नारायण शेषाद्री. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. मिशनऱ्यांकडे आलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टानं वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा रोष ओढवून घेतला, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पुढं शेषाद्री जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारनं दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत ते बोलले, त्याबद्दल छापलेलं सापडतं. पण बेथेलात घरं बांधून राहिलेली माणसं, बरीचशी मांग आणि महार समाजातली, ती कोण होती? त्यांना शोधायचं तर रजिस्टरच उघडावं लागतं.

उघडल्यावर नावांआधी 'धंदा' हा रकाना वाचा. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करा. सुरुवातीला सालगडी, मजूर. मग मधेच कुठं मास्तर, कंपाउंडर, नर्स दिसू लागतात. सालगड्याच्या नातवापुढं 'मास्तर' लिहिलेलं दिसलं की गावातली शाळा काय करून गेली ते कळतं. त्याच्या शेजारचा 'राहणार' हा रकाना स्थलांतर सांगतो.

आता तारखा. इथं जाणकारही फसतात. रजिस्टरात बहुधा इंग्रजी सन असतो, पण मिशनच्या जमिनीचे निजामकाळचे कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजाम सरकारच्या महसुली कालगणनेत. फसलीचं वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं सुरू होतं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून फसली वर्षअखेरपर्यंत ५९१. आजूर १३४४ म्हणजे ऑक्टोबर १९३४. त्याच १३४४ चा शेवटचा महिना आबान, तो पडतो सप्टेंबर १९३५ मध्ये. सरसकट ५९० मिळवले की इमारत एक वर्ष आधीच उभी राहते, आणि शताब्दीही एक वर्ष आधीच साजरी होते! महिन्याचं नाव वाचल्याशिवाय साल लिहू नका.

वडीलजन घड्याळाकडे बघतायत, तेव्हा वाढीचं आता भराभर सांगतो. बाप्तिस्म्यांची बेरीज म्हणजे वाढ नव्हे. मोठ्यांचे बाप्तिस्मे वेगळे मोजा, लेकरांचे वेगळे. दुसऱ्या मंडळीतून सभासदत्वाचा दाखला घेऊन आलेले मिळवा, दाखला घेऊन गेलेले आणि वारलेले वजा करा. बाप्तिस्म्यात 'सखू'ची 'सारा' झाली असेल, तर आईबापाची नावं आणि गाव ताडून बघा, नाहीतर एकच बाई दोनदा मोजली जाते.

नाताळच्या उपासनेला हजेरी कमी दिसली म्हणून विश्वास आटला असं लिहू नका. दिवाळीच्या सुमारास निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर, म्हणजे सवलतींबाहेर ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि चर्चमध्ये दुसरं, अशी माणसं भेटतात त्याचं हे एक मोठं कारण. त्यांना खोटं ठरवू नका, दोन्ही नावं लिहून ठेवा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आणि ७२ च्या दुष्काळानंतरची पानं सावकाश वाचा. पुढं छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीकडं माणसं गेली, तेव्हा खेड्यातली मंडळी घटली आणि शहरातली फुगली. नुसत्या शहराच्या आकड्याला वाढ म्हणणं बरोबर नाही. वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारत चर्च (सीएनआय) १९७० ला स्थापन झालं, त्यात आलेल्या मंडळ्यांनी जुनी रजिस्टरं बंद करून नवी सुरू केली असतील, तर दोन्ही शेजारी ठेवूनच बेरीज करा.

शेवटचं, पेटीबद्दल. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा पडतो आणि ती काढताना अक्षर उचलून आणते. लॅमिनेशन तर मुळीच नको. येत्या रविवारी उपासनेनंतर दोघा-तिघांनी हात धुऊन, कोरडे करून बसा. खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर. आधी पुठ्ठ्याचा फोटो, मग एकेक पान, कोरी पानंसुद्धा न सोडता. एक जण पान उलटेल, एक फोटो घेईल, आणि तिसऱ्यानं पान क्रमांक वहीत लिहायचा.