उन्हाचा वाटा

[गच्ची, सकाळ. अर्धी फरशी उन्हात, अर्धी सावलीत. सावलीची कड हळूहळू मागे सरकते आहे.]

या बागेला कुंपण नाही. तिची हद्द समोरच्या इमारतीची सावली ठरवते.

डिसेंबर चालू आहे. सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे समोरचे सहा मजले ओलांडून ऊन इथे पोचायला साडेनऊ वाजतात. मे महिन्यात याच वेळी फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. सूर्याची आकाशातली वाट उत्तरायण-दक्षिणायनात ४७ अंशांनी इकडची तिकडे होते. मोकळ्या शेतात हा फरक फारसा खुपत नाही. शहरात मधे भिंत उभी असते. म्हणून जूनमध्ये जिथे भेंडी झोकात वाढली, तिथेच डिसेंबरात पालकसुद्धा कुढत बसतो.

तेव्हा माती, बी-बियाणं हे सगळं नंतर. आधी एक खडू घ्यायचा.

[खडूने फरशीवर रेघ मारणारा हात. रेघेशेजारी लिहिलेलं : ११.]

सुट्टीच्या दिवशी दर तासाला सावलीच्या कडेवर रेघ मारत जायची. संध्याकाळपर्यंत फरशीवर नकाशा तयार. जिथे सहा तास किंवा त्याहून जास्त ऊन, ती जागा टोमॅटो, वांगी, मिरचीची, म्हणजे ज्यांचं फळ खायचं त्यांची. तीन-चार तास मिळत असतील तर पालेभाज्या. त्याहून कमी असेल तर तिथे झारी आणि कंपोस्टचा डबा ठेवून मोकळं व्हावं. हट्टाने लावलेलं रोप नुसतं उंच, पांढुरकं, लुळं होतं. पाण्याने खडू पुसला जातो, ते एका अर्थी बरंच. तो नकाशा दोन-तीन महिन्यांपुरताच खरा असतो.

आणि म्हणूनच इथे वाफे नाहीत, कुंड्या आहेत. त्या उचलता येतात. पण वीस लिटरच्या कुंडीत नुसती माती भरली, तर भिजल्यावर तिचं वजन तीस किलोच्या वर जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट मिसळलं की गच्चीवरचा भारही हलका होतो आणि आपलाही. (तरीसुद्धा कुंडी उचलताना आधी पाठीला विचारावं.)

उष्ण प्रदेशातला हिवाळा हा भाजीवाल्या बागेचा लाडका काळ. मेथी चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीचा धना मात्र हाताने रगडून दोन करावा लागतो, कारण तो दिसतो एक, पण आत बिया दोन असतात. टोमॅटोला फुलं येतात आणि इथे उंचावरची एक अडचण पुढे येते. या फुलात स्त्री-पुरुष दोन्ही भाग असतात, पण पराग एका नळीत कोंडलेले. रानातल्या काही मधमाश्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. एवढ्या मजल्यांवर त्या क्वचितच येतात. मग सकाळी ऊन आल्यावर आपणच फुलांच्या देठाला टिचकी मारायची. मधमाशीची नोकरी, बिनपगारी.

[अगदी जवळून : मिरचीच्या शेंड्यावर मावा. मुंग्यांची रांग.]

मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारी बारीक कीड, तोही याच दिवसांत येतो. त्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिल्लं देतात. चार दिसले म्हणता म्हणता शेंडा भरून जातो. मुंग्या त्याचा गोड स्राव पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराच मावा निघतो. फवारण्याआधी मात्र पान उलटून पाहावं. काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी अळी दिसली तर ती लेडीबर्डची. मावा खाऊनच ती मोठी होते. दिसायला भयंकर असल्यामुळे नेमकी तीच चिरडली जाते.

मग उन्हाळा.

[दुपार. झळा. टोमॅटोची गळून पडलेली पिवळी फुलं.]

शहरातला उन्हाळा रात्री जास्त कळतो. दिवसभर तापलेली भिंत अंधार पडल्यावर ती उष्णता सोडत राहते. टोमॅटोला नेमकं तेच सोसत नाही. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्री चोविशीच्या खाली उतरेना, असं काही दिवस चाललं की पराग निकामी होतात, फुलगळ सुरू होते. खत घालून उपयोग नसतो. आता हिवाळ्यात शत्रू वाटलेली ती सावली कामाला येते. कुंड्या तापलेल्या भिंतीपासून दूर, दुपारनंतर सावली येईल अशा जागी सरकवायच्या. भर उन्हात आता भेंडी आणि गवार.

पाण्याचं वेळापत्रक नको. बोट दोन पेरं मातीत घालायचं; कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबायचं. शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा हवा : ओल असावी, पण मुळांना हवाही मिळावी. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं केलं की टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो. तो रोग नव्हे. पाण्याबरोबर फळात पोचणारं कॅल्शियम अडतं, एवढंच. वर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं की निम्मी चिंता मिटते.

पावसाळ्यात झारीला सुट्टी, पण कुंडीच्या भोकांना नाही. भोक बुजलं की मुळं गुदमरतात. सततच्या पावसाने नत्रही धुऊन जातं, पानं पिवळी पडू लागतात. मूठभर गांडूळखत थोड्या थोड्या दिवसांनी दिलेलं बरं.

[संध्याकाळ. पाऊस थांबलेला. दोरीच्या मांडवावर दुधीचा वेल, ताणे वळलेले.]

दुधीची फुलं पांढरी असतात आणि दिवस कलताना उमलतात. सावलीचा हिशोब तेव्हा संपलेला असतो, सगळी गच्चीच सावलीत असते. आधी नुसतीच नर फुलं येतात, लांब देठाची. मग एके दिवशी देठाशी बोटभर लवदार दुधी घेऊन मादी फूल दिसतं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने लावायचे.

[हात. दोन फुलं. टेकवून क्षणभर थांबलेली.]

फळ धरलं असेल तर ते पुढच्या काही दिवसांत खाली झुकत लांबतं. नसेल तर टोकाकडून पिवळं पडून गळतं. उद्या सकाळी फूल मिटेपर्यंत तरी धरलेलं आणि न धरलेलं, दोन्ही सारखीच दिसतात.