सैबेरियातून निघालेली खोकी

[दृश्य: बर्फाने गोठलेली येनिसेई नदी. काठावर जुनं लाकडी घर.]

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रशियन पुस्तकांचा प्रचंड साठा आहे. त्याचा पाया घातला, तो सैबेरियातल्या एका दारूवाल्यानं.

गेन्नादी युदिन. राहणार क्रास्नोयार्स्क. मद्याच्या भट्ट्या, सोन्याच्या खाणी, आणि हाती आलेला पैसा पुस्तकांत. घरात जागा पुरेना, तेव्हा त्यानं पुस्तकांसाठी वेगळी दुमजली इमारतच बांधली. तिथं जमली सुमारे 80,000 पुस्तकं. त्यात सगळ्यात मोलाची होती ती अठराव्या शतकापासूनची रशियन नियतकालिकं. सुटे अंक नव्हेत, संचच्या संच.

1897 चा मार्च. हद्दपारीच्या वाटेवर असलेला एक तरुण क्रास्नोयार्स्कमध्ये अडकून पडला होता. तो या ग्रंथालयात आला. युदिननं त्याला स्वतः हिंडून संग्रह दाखवला, बसून वाचायची मुभाही दिली. मग तो गावापासून इथवर पायी यायचा. घरी पाठवलेल्या पत्रात त्यानं या नियतकालिकांचं तोंडभरून कौतुक केलंय. तरुणाचं नाव व्लादिमीर उल्यानोव. लेनिन हे नाव पुढचं. भांडवलदाराच्या कपाटातली पुस्तकं अशाही कामी आली!

[दृश्य: मालगाडी. एकावर एक रचलेली लाकडी खोकी.]

साठी ओलांडल्यावर युदिननं संग्रह विकायला काढला. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं पाहणीसाठी आपला कर्मचारी अलेक्सिस बाबिन याला सैबेरियात धाडलं. बाबिन जन्मानं रशियन, त्यामुळे समोर काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. 1906 मध्ये सौदा ठरला, 40,000 डॉलरना. युदिननं स्वतः घातलेल्या पैशांपुढे ही रक्कम किरकोळच. व्यवहार कागदावर विक्रीचा, पण खरं तर ते दानच म्हणायचं.

1907 मध्ये पाचशेहून जास्त खोकी आधी रेल्वेनं, मग जहाजानं अमेरिकेला पोचली.

[दृश्य: वॉशिंग्टन. पुस्तकांच्या लांबच लांब रांगा.]

आज इथं ‘युदिनचं कपाट’ कुठं आहे असं विचाराल, तर ते नाही. पुस्तकं ज्या त्या विषयात लागली. दुर्मीळ होती ती दुर्मीळ ग्रंथांत गेली, अलास्कात व्यापार करणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीची कागदपत्रं हस्तलिखितांकडे. वाचक मागणी नोंदवतो, पुस्तक टेबलावर येतं. क्रास्नोयार्स्कहून आलेलं असलं, तरी त्याला ते कळेलच असं नाही.