ऋण सोडणाऱ्याचं काय होतं?

(पुण्यातल्या एका वाचक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, 'ख्रिस्ती विश्वासाचं मर्म आणि रोजचं जगणं'. त्या मर्मापाशी मी येणारच आहे. पण पुण्यात या विषयावर बोलायचं आणि पंचहौदाचा चहा टाळायचा, हे मला जमत नाही. शाळेत मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या धड्याच्या निमित्ताने तो चहा वर्गात आणला. माझ्या दोन विद्यार्थिनी इथे बसल्या आहेत, त्या आत्ताच हसल्या.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. 1890 चा ऑक्टोबर. पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये सभा झाली आणि सभेनंतर चहा आला. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचं मन राखायला कप नुसता हातात धरला. पुढे डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. ग्रामण्य झालं, म्हणजे त्यांना वाळीत टाकायचा वाद उभा राहिला, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे बरेच दिवस अडून राहिले आणि 1892 मध्ये त्यांनीही घेतलं. त्यावरून सुधारकांनी त्यांना बोल लावला. पण त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवलं आहे की ते त्यांनी मित्रांसाठी घेतलं, त्यांच्या घरची कोंडी सुटावी म्हणून. आपण चुकलो असं स्वतःला वाटत नसताना माणसाने दुसऱ्यासाठी चूक अंगावर घेतली. हे ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

या गोष्टीत मला आणखी एक खुपतं. प्यायलेल्यांची चर्चा सव्वाशे वर्षं चालू आहे. पाजणाऱ्यांना काय वाटलं असेल? आपल्या घरचा चहा घेतला म्हणून पाहुण्याला शुद्ध व्हावं लागलं, हे कानावर आल्यावर त्या घरातल्या बाईने ते कप कसे विसळले असतील? मी अशाच एका घरातली आहे, म्हणून मला ते कप दिसतात.

आणि गंमत बघा, येशूवर जी तक्रार पुन्हापुन्हा झाली ती हीच होती. हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो! यरीहो गावचा जक्कय तुम्हाला माहीत असेल. जकातदारांचा मुख्य, रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांना पिळणारा, पैसेवाला आणि ठेंगणा. गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. जक्कय मात्र उठून उभा राहिला आणि म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. या गोष्टीतला क्रम बघा. आधी पाहुणा घरी आला आणि मग घरमालक बदलला. आपण सगळे, ख्रिस्ती मंडळी धरून, उलटं करतो. आधी बदल, मग पानावर बस.

इथे जरा आडवळण घेते, माफ करा. मला अजूनही लोक कौतुकाने म्हणतात, 'बाई, ख्रिश्चन असून तुमचं मराठी किती छान!' मनापासून म्हणतात, म्हणून मी रागावत नाही, पण दुखतं. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात राहून इथली भाषा इतकी आतून शिकला की ख्रिस्ताची कथा त्याने ओव्यांत लिहिली. तो ग्रंथ 1616 मध्ये छापून निघाला. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. आपल्या नाना पेठेतलं सिटी चर्च 1792 चं, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1922 मध्ये त्या गेल्या, तेव्हा काम नुकतंच पुरं झालं होतं. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. हे सगळं सांगायचं कारण असं की मी आज जो शब्द उलगडणार आहे तो मला परका नाही आणि तुम्हालाही नाही. शब्द आहे 'ऋण'. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोज म्हणतो, आम्ही जसं आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात पाप आणि कर्ज यांना एकच शब्द आहे.

आता माझ्या वडिलांच्या वहीकडे येते. नगर जिल्ह्यात आमचं खेडं, तिथे वडिलांचं किराणा दुकान. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. खडी फोडायची कामं, शाळेत सुकडी, रेशनवर मिलो, ती लाल ज्वारी. ती मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दुकान उधारीवर चाललं होतं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणि प्रत्येक घराचं एक पान. आमच्या चर्चच्या मंडळीतलेच एक काका होते, चार एकर कोरडवाहू शेती, घरात सात माणसं. त्यांचं पान भरून दुसऱ्या पानावर गेलं. आकडा चारशेच्या वर. खडी फोडणाऱ्या माणसाला तो डोंगर होता.

पुढच्या नाताळच्या आदल्या रात्री वडिलांनी वही उघडली, काकांच्या दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सोडलं'. मी कंदील धरला होता. मला वाटलं आपले वडील संत आहेत. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, 'तुम्ही सोडलं. नगरचा व्यापारी सोडणार आहे का?' व्यापारी सोडणार नव्हता. माल त्याच्याकडून उधार आलेला. जानेवारीत आईच्या पाटल्या गेल्या. पुढे तिच्या हातात कायम काचेच्या बांगड्याच राहिल्या. माझा नाताळचा फ्रॉक त्या वर्षी झाला नाही, आणि मी बरेच महिने काकांच्या मुलीशी बोलत नव्हते. तिचा फ्रॉकही झाला नव्हता, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पण ऐका, गोष्ट पुढेच आहे. कर्ज सुटलेले काका दुकानाकडे फिरकेनात. मीठसुद्धा शेजारच्या गावातून आणायला लागले. आमची गल्ली टाळून ओढ्याकडून जायचे. रविवारी उपासनेला मागे बसायचे आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधी उठून जायचे. वडिलांनी दोनदा निरोप धाडला. आले नाहीत. शेवटी जूनमध्ये एका संध्याकाळी वडील मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले. काका आत जाऊन बसले. वडील ओट्यावर टेकले आणि काकूंना म्हणाले, 'वहिनी, चहा टाका.' घरात दूध नव्हतं. गुळाचा कोरा चहा झाला, एका पितळीत आणि दोन कपांत. काका बाहेर आले ते चहा गार व्हायला लागल्यावर. पैशाचा विषय वडिलांनी काढलाच नाही. बैल कसा आहे, पेरणी कधी धरता, एवढंच बोलत राहिले. मला तो चहा अजिबात आवडला नव्हता. वडिलांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

काका दुकानात यायला लागले ते दिवाळीनंतर. आईला त्याहून जास्त वेळ लागला. ती एकदा मला म्हणाली, 'त्यांनी रेघ मारली. ती मला सोसावी लागली.' ती तक्रार होती, आणि ती खरी होती. बायबल कॉलेजच्या व्याख्यानांनाही मी गेले आहे, चांगली असतात. पण वधस्तंभाचा अर्थ मला कळायला सुरुवात झाली ती आईच्या त्या वाक्यापासून.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि मर्म अजून पत्रिकेवरच आहे! भरभर सांगते.

सोडलेलं कर्ज हवेत विरत नाही. घेणाऱ्याने भरलं नाही की देणाऱ्याला बसतं. परंपरा सांगते, देहूला तुकोबांनी कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला इंद्रायणीत बुडवला. कुळं सुटली, पण सावकारी गेली ती तुकोबांच्या घरातून, आणि चूल जिजाबाईंना चालवायची होती. क्षमा म्हणजे 'जाऊ दे, काही झालं नाही' असं म्हणणं नव्हे. झालं आहे, नुकसान खरं आहे आणि ते मी माझ्याकडे घेतो, असं म्हणणं म्हणजे क्षमा. ख्रिस्ती माणसाचा विश्वास असा आहे की देवाने हेच केलं. वरून रेघ मारून तो थांबला नाही. तो माणूस होऊन ऋणकोच्या ओट्यावर येऊन बसला आणि वधस्तंभावर ते नुकसान त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. खिळे मारणाऱ्यांसाठी तो म्हणाला, पित्या, यांना क्षमा कर, आपण काय करतो हे यांना कळत नाही. रानड्यांचं मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं ते यासाठी. सगळ्या बाबतीत ती तुलना लागू पडत नाही हे मला कळतं, पण दिशा तीच आहे.

दुसरं. येशूची एक गोष्ट आहे. राजाने चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं. तालांत हे चांदीचं मोठं माप. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका तालांतात असे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. तो चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. आम्ही प्रवचनात पटकन म्हणतो, ते शंभर म्हणजे क्षुल्लक. क्षुल्लक नाहीत हो! ती तीन महिन्यांची मजुरी आहे. ज्याने तुमचं नुकसान केलं त्याचे शंभर दिनार खरे आहेत, येशू ते नाकारत नाही. तो एवढंच विचारतो, तुझं किती सुटलं ते आठवतंय का?

आणि पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मरणातून पुन्हा उठणं. त्याच्याशिवाय ख्रिस्ती विश्वास उभाच राहत नाही आणि माझ्याकडे चार मिनिटं आहेत, म्हणून एकच प्रसंग. येशूला धरलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. उठलेला येशू पुन्हा सरोवराच्या काठी भेटतो तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव आहे. त्यावर मासळी आहे, भाकर आहे. तो म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा काम सोपवतो, माझी मेंढरं राख. त्या रात्रीचा जाब तो मागत नाही. मरणावर विजय मिळवलेला देव काठावर मासे भाजत बसला आहे, हे मला कुठल्याही सिद्धांतापेक्षा जास्त धीर देतं.

आता रोजचं जगणं. यावर निम्मं व्याख्यान योजलं होतं. कोर्टात वर्षानुवर्षं पडून असलेल्या वाटण्या, एकाच सोसायटीत राहून लिफ्टमध्ये न बोलणारे भाऊ, मुलांच्या चुकांची आपण तारखेवार ठेवलेली वही. आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी मी घाईतही सोडणार नाही. क्षमा करा म्हणजे मार खात राहा, असा याचा अर्थ कोणी लावू नये. मारणाऱ्या नवऱ्याकडे बाईला 'क्षमा कर' म्हणून परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत, आमच्या लोकांतही. ते येशूचं नाव घेऊन दुसऱ्याला सोसायला लावतात. तो स्वतः सोसायला आला होता. आईच्या पाटल्या आईला विचारून जायला हव्या होत्या, असं मी वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारात म्हणाले. ते म्हणाले, 'हो. ते तिचं माझ्यावर राहिलंय.'

बेल झाली. शेवटचं सांगते. ती प्रार्थना मी रोज सकाळी म्हणते आणि ऋणाच्या ओळीवर दर वेळी अडखळते. नात्यातल्याच एका घराशी गावाकडच्या जमिनीवरून आमचं बारा वर्षं बोलणं नाही. त्यांनी आम्हाला फसवलं, हे मी आजही म्हणेन. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे आजारपण असल्याचं कळलं. नंबर मिळवला आहे, पर्समध्ये चिठ्ठीवर लिहिलेला आहे. फोन अजून लावलेला नाही.