डेटा उडाला तर कळतं, बिघडला तर कळतही नाही

नमस्कार मंडळी! रिसर्च डेटा म्हटलं की सगळ्यांना एकच धास्ती असते, हार्ड डिस्क गेली तर काय. अहो, डिस्क गेली तर निदान कळतं तरी, माणूस बोंब मारतो, धावपळ करतो. पण फाइल उघडतेय, आकडे दिसतायत आणि त्यातले काही चुकीचे आहेत, हे कोणाला कळणार? आज मुख्यतः त्याबद्दलच बोलू, बाकीचं ओघात येईलच.

समजा तुम्ही २०० लोकांचा सर्व्हे केलाय, १० जणांनी वय सांगितलं नाही आणि एन्ट्री करणाऱ्याने तिथे ९९ टाकलं. ही जुनी पद्धत आहे, त्यात गैर काही नाही, फक्त ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं आणि ते राहिलं. आता बाकीच्या १९० जणांचं सरासरी वय ३५ आहे असं धरा. ९९ म्हणजे 'उत्तर दिलं नाही' हे सॉफ्टवेअरला काय माहीत, त्याने सगळ्यांची बेरीज केली, २०० ने भागलं, आलं ३८.२. बघा हं, ८० वगैरे आलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं की काहीतरी घोळ आहे, पण ३८.२ वर कोण शंका घेणार? तो आकडा टेबलमध्ये जातो, टेबल थीसिसमध्ये, आणि थीसिस बाइंडिंगला.

यासाठी असते डेटा डिक्शनरी. नाव भारदस्त आहे पण एक साधी शीट असते, प्रत्येक कॉलमचा अर्थ काय, मोजमाप कशात केलंय, कोड कोणते वापरलेत, रिकामी जागा म्हणजे नेमकं काय. ती पहिल्या दिवशी बनवायची, कारण शेवटी बसलात तर निम्मं अंदाजानेच लिहाल.

आता एक्सेल. मला एक्सेलचा राग नाही, पण ते जरा जास्तच शहाणं आहे. सेप्ट-२ नावाचं जनुक टाइप केलं की ते २ सप्टेंबर करून टाकायचं, मार्च-१ चं १ मार्च! २०१६ साली एक तपासणी झाली, तर ज्या पेपरांना एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचातल्या एका पेपरात असा घोळ सापडला. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि ही नावंच बदलली. तुम्ही जनुकांवर काम करत नसाल तरी आयडीतलं सुरुवातीचं शून्य उडणं, पंधरापेक्षा जास्त आकडी नंबरचे शेवटचे अंक शून्य होणं, हे तुमच्याकडेही होतंच. त्यामुळे असा कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मगच भरा, आणि तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा.

आणि कच्च्या डेटाला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच! ती फाइल रीड-ओन्ली करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, साफसफाई कॉपीवर करा, शक्यतो आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांतल्या स्क्रिप्टने (म्हणजे सूचनांच्या फाइलने), म्हणजे काय बदललं ते आपोआप लिहिलेलं राहतं. स्क्रिप्ट येत नसेल तर साधी नोंदवही चालेल, तारीख, काय बदललं, का बदललं, झालं.

बॅकअपचं थोडक्यात सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सिंक होणारं क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, इथे डिलीट केलंत की तिथूनही जातं. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात सुपरकॉम्प्युटरवरचा साधारण ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि पुसला कोणी, तर बॅकअपच्याच स्क्रिप्टने! ती चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती टाकली गेली होती. म्हणून बॅकअप आहे एवढ्यावर थांबू नका, मधूनमधून एखादी फाइल खरंच परत आणून उघडून बघा.

माणसांचा डेटा असेल तर मात्र नुसतं नाव खोडून भागत नाही. डेटाच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून अंदाज काढला होता की पिनकोडसारखा पोस्टाचा कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली साधारण ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. तेव्हा पूर्ण जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवा, नावाऐवजी कोणाला कोणता कोड दिलाय ती यादी एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, वेगळी ठेवा. आणि संमतीपत्र छापायच्या आधी नीट वाचा बरं, त्यात 'काम झाल्यावर माहिती नष्ट करू' असं लिहून सह्या घेतल्या असतील तर नंतर जर्नलने डेटा मागितला की तुम्ही अडकलात.

'डेटा मागितल्यास मिळेल' हे वाक्य पेपरात टाकून मोकळं होणारे खूप आहेत, मला ते अजिबात पटत नाही. ईमेल बदलतात, लॅपटॉप बदलतात, माणसं नोकरी सोडतात. त्यापेक्षा झेनोडोसारख्या, रिसर्च डेटा ठेवायच्या वेबसाइटवर ठेवा, ते फुकट आहे, डीओआय म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, दुसऱ्यांना त्यांच्या पेपरात तुमच्या डेटाचा संदर्भही देता येतो. फक्त अपलोड करण्याआधी एक करा, लॅबमधल्या कोणालातरी तो फोल्डर द्या आणि म्हणा, मला काही न विचारता यातून पेपरातलं पहिलं टेबल परत काढून दाखव. तो विचारणारच, तेव्हा त्याचा प्रत्येक प्रश्न उत्तरासकट रीडमी फाइलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये टाका, आणि मग अपलोडचं बटण दाबा.